पाखऱ्याची पाठ

पौष लागला की गॅलरीतली माझी खुर्ची मी उन्हाकडून काढून रस्त्याकडे वळवते. मलकापूरला हायवेच्या कडेला राहण्याचे तोटे पुष्कळ आहेत, पण हा एक फायदा. या दिवसांत जनावरांच्या जत्रेला निघालेले टेम्पो आमच्या समोरच्या चहाच्या टपरीपाशी थांबतात. हौद्यात खिलार बैल असतात, नाहीतर एखादा तरणा खोंड. शिंगांना पितळी शेंब्या, पाठीवर झूल, आणि गर्दीची, हॉर्नची पर्वा नसल्यासारखी ताठ मान. टेम्पो थांबला की कडब्याचा आणि शेणाचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. सूनबाई खिडकी लावून घेते आणि मी गॅलरीचं दार उघडते.

माझा मुलगा थट्टा करतो. म्हणतो, "माझ्यासाठी मुलगी बघताना एवढी निरखली नव्हतीस." मी म्हणते, "बरोबर आहे. मुलगी चुकली तर एका घराचं चुकतं. वळू चुकला तर सगळ्या गावाचं चुकतं." आतून सूनबाईचा आवाज येतो, "मला ऐकू येतंय हं!" मग आम्ही तिघंही हसतो. खरं तर ते वाक्य माझं नाही. ते आबांचं, माझ्या सासऱ्यांचं. आणि हसण्यावारी नेण्यासारखं तर मुळीच नाही.

पौषातला वारा मलकापुरातही येतो, पण इथे तो नुसताच गार असतो. जत तालुक्यातल्या आमच्या माळावर त्याला शाळूचा वास असायचा. कणसात दाणा दुधाळ झालेला, पानांची सळसळ दिवसभर कानात, आणि पाटीभर शेण डोक्यावर घेतलं की त्याची ऊब टाळूतून खाली उतरायची. उन्हात बसलं तर चटका, सावलीत गेलं तर हुडहुडी. त्या एका सुगीची, दुष्काळ सरून माणसं नुकती माणसांत आली होती त्या सुगीची, मला अजून ओढ लागते. ज्या दिवसांनी रडवलं त्यांचीच एवढी ओढ का लागावी, हे मला कळलेलं नाही.

माझं माहेर इस्लामपूरजवळ, कृष्णाकाठी. काळी जमीन, ऊस, दारात म्हशी. गाईगुरांचं आमच्याकडे कौतुक असं नव्हतं. म्हैस दूध देते का आणि लाथ मारते का, एवढं बघितलं की झालं. लग्न करून माळावर आले तेव्हा पहिल्याच सकाळी दारात एक भलंमोठं पांढरं धूड उभं दिसलं आणि मी पाण्याची घागर तिथेच सोडली. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, पदर तोंडाला लावून हसल्या. "भिऊ नगंस. त्यो आपल्या घरातलाच हाय. तुझ्या सासऱ्याच्या आदी मान त्येचा."

आमचं घर वळूचं घर होतं. गावच्या गाईंसाठी एक वळू राखायचा, तो या घरानं राखायचा, असा पिढ्यांचा रिवाज. गाय माजावर आली की माणसं तिला घेऊन आमच्या परड्यात येत. येताना वळूसाठी मूठभर पेंड आणायची, एवढीच त्याची दक्षिणा. बायकांनी या विषयावर बोलायचं नसे. पण शेणघाण बायकांनीच करायची असते, आणि ती काही डोळे मिटून करता येत नाही. वर्षभरात मी चांगली शहाणी झाले.

वळू निवडण्याचं आबांचं एक शास्त्र होतं. आधी खोंडाकडे ते बघतच नसत, त्याच्या आईकडे बघत. ती कशी चालते, उन्हात किती तग धरते, वासराला चाटते की ढकलते. "आडात न्हाई तर पोहऱ्यात कुटनं येनार?" हे पालुपद. मग खोंडाचं तोंड लांब आणि निमुळतं हवं, शिंगं जवळून निघून मागं गेलेली, गळ्याखालची पोळी आखूड, कातडी अंगाला घट्ट, खूर काळे आणि मिटलेले. हे सगळं जमलं तरी आबा हो म्हणत नसत. शेवटची परीक्षा ओढ्यात. सकाळी ओढ्याची वाळू दमट असते. तिच्यावरून खोंडाला मोकळा चालवायचा आणि मग खोंडाकडे नाही, मागं उमटलेल्या पावलांकडे बघायचं. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशात पडला पाहिजे. ज्याचं पाऊल पावलात पडतं तो दगडाधोंड्यातून जन्मभर चालेल आणि त्याची पोरंही चालतील. रंगरूप आबा सगळ्यात शेवटी बघायचे. म्हणायचे, "रूप काय, दिवाळीत सगळीच बरी दिसत्यात."

मग दुष्काळ पडला. बहात्तरचा तो दुष्काळ ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगून कळणार नाही. आमची माणसं खडी फोडायला गेली. गावची जनावरं काही छावणीत गेली, काही मातीत गेली. दारातला तो पांढरा वळू माझ्या डोळ्यांदेखत बसला आणि परत उठला नाही. आबांनी त्याच्या शिंगांना शेवटचं तेल लावलं तेव्हा घरात तेवढंच तेल होतं. आत्याबाईंनी त्या दिवशी कोरड्यास बिनफोडणीचं केलं.

घरात राहिल्या दोन, हौशी नावाची गाय आणि तिची पहिली कालवड. कालवडीला जगवायची ताकद नव्हती, म्हणून आबांनी ती सीमेपलीकडच्या एका कानडी माणसाला देऊन टाकली. त्याच्या विहिरीला पाणी होतं, एवढंच त्यांनी विचारून घेतलं. हौशी मात्र गाभण होती आणि तिच्या पोटात त्या मेलेल्या वळूचं शेवटचं वासरू होतं. तिला कुणाच्या हवाली करायला आबा तयार होईनात. शेवटी मीच म्हटलं, "आबा, माझ्या माहेराला नेऊ. तिथं उसाचं वाडं हाय." सुनेच्या माहेरची वैरण खायची म्हणजे आबांना मरण. पण हौशीसाठी त्यांनी तेही गिळलं. एका रिकाम्या परत जाणाऱ्या ट्रकमधून गाय आणि मी, दोघी माहेरपणाला निघालो.

तिथे, कृष्णाकाठी, माझ्या वडिलांच्या गोठ्यात पाखऱ्या जन्मला. पांढऱ्यावर निळसर झाक असलेला, पाय अंगापेक्षा लांब. हौशी चाटत होती आणि मी पोत्यानं पुसत होते. पाठ पुसताना वशिंडाच्या मागं बोटभर जागेत केस वेगळे लागले. सगळ्या अंगाचे केस मागं वळलेले आणि तेवढीच एक रेघ उलटी, डोक्याकडं. मला ती फार आवडली. मी तिथं बोट फिरवलं की तो कातडी थरथरवायचा आणि शेपटी उडवायचा. आमच्याकडे म्हशींच्या अंगावरचे भोवरे कोण बघतो! मला वाटलं, देवानं खूण म्हणून काढली असेल, गर्दीत हरवलाच तर सापडावा म्हणून.

पाऊसपाणी झालं, आम्ही माळावर परतलो. माझे मिस्टर फौजेत, वर्षातून एकदा येणार. मला अजून मूल नव्हतं. दिवसभराची माया जाणार कुठं? पाखऱ्यावर गेली. भाकरीचा पहिला चतकोर त्याचा. आत्याबाई चिडवायच्या, "पोरगा आला म्हंजी त्येला भाकरी ठिवशील का न्हाई?" हौशी पुढच्याच उन्हाळ्यात गेली, दुष्काळानं आतून खाल्लीच होती तिला. आता त्या रक्ताचं या गावात जे काही उरलं होतं ते पाखऱ्यातच.

आणि तो दोन दातांचा, म्हणजे अडीचएक वर्षांचा झाला त्या सुगीत गावाला वळू हवा होता. दुष्काळातून वाचलेल्या मोजक्या गाई परत माजावर येऊ लागल्या होत्या आणि त्यांना न्यायचं कुठं, हा प्रश्न होता. सगळ्यांच्या नजरा आमच्या परड्याकडे. संक्रांतीच्या आधी एका सकाळी आबांनी गावातल्या जाणत्यांना बोलावलं. मिस्टर रजेवर आले होते. पाखऱ्याला ओढ्यात चालवायचं ठरलं. मी धुण्याचं निमित्त काढून आधीच दगडावर जाऊन बसले होते. धुणं एकच लुगडं होतं, ते मी किती वेळ धुतलं ते त्या लुगड्यालाच माहीत.

पाखऱ्या चालत आला. ऊन कोवळं होतं, वाळू दमट होती. त्याच्या मागं ठसे उमटत होते आणि ते चार पायांचे वाटतच नव्हते. पाऊल पावलात असं काही पडत होतं की दोन पायांचं जनावर गेल्यासारखं वाटावं. जाणत्यांपैकी एकानं पागोटं मागं सारलं, एवढंच. आबांचा चेहरा मी लग्नात बघितला होता, नातवंडांच्या बारशाला पुढे बघितला, पण तसा कधी बघितला नाही.

फक्त एक गोष्ट मला विचित्र वाटली होती. पाखऱ्याच्या पाठीवर आबांनी झूल घातली होती. झूल सणाला घालतात, नाहीतर जत्रेला.

तात्या म्हणून आमचे शेजारी होते. एके काळी गावात सगळ्यात जास्त गाई त्यांच्या, आणि जनावराच्या खोडी ओळखण्यात आबांच्या तोडीचे. ते पुढे आले. "थंडी लय वाजतीया व्हय रं आबा तुझ्या खोंडाला?" म्हणाले, आणि झूल मागं सारली. वशिंडाच्या मागं त्यांचं बोट बरोबर त्या रेघेवर थांबलं.

"उलटी गोम हाय."

आमच्या माळावर या दोन शब्दांपुढे बोलायचं नसतं. उलट्या गोमेचं जनावर धन्याच्या मुळावर येतं, दावण रिकामी करतं, अशी पक्की समजूत. बाजारात तशा बैलाकडे कुणी ढुंकून बघत नाही. आबांना ती गोम पहिल्या दिवसापासून माहीत होती, हे मला त्या क्षणी कळलं. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या जनावरांवरच्या झुली उचलून बघितल्या, त्यानं आपल्या खोंडावर झूल टाकली होती.

मिस्टर मध्ये पडले. "आबा, फौजंत छाती मापत्यात, धावाय लावत्यात. पाठीवरचा भोवरा कोन बघत न्हाई." आबा त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "फौज एक पडला तर दुसरा उबा करती. माज्या गावाला दुसरा कोन दील?"

तात्यांवर मी पुढे कित्येक वर्षं राग धरला. पण त्यांचे तेव्हाचे शब्द आठवले की तो धरवत नाही. "आबा, तुजा खोंड सोन्याचा हाय, मला दिसतंय. पर माजी एकच गाय ऱ्हायलीया रं. एकच. तिच्यावर ह्यो नगंस सोडू." बाकीचे खाली बघत होते. दुष्काळानं सगळ्यांच्या दावणी रिकाम्या केल्या होत्या. त्यांना आता कशाचीच परीक्षा बघायची नव्हती, अगदी पाठीवरच्या चार केसांचीसुद्धा.

वळू म्हणून राहायचं नाही तर मग खच्ची होऊन बैल व्हायचं. आमच्याकडे तिसरा रस्ता नव्हता. आठवडा गेला आणि आबांनी पाखऱ्याला तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. मी आत्याबाईंना म्हटलं, "तुमी तरी सांगा की." त्या चुलीपुढे बसल्या होत्या. म्हणाल्या, "सांगितलं. रातभर त्येच सांगत हुते." आणि फुंकणी घेऊन जाळ नसलेल्या चुलीत फुंकत राहिल्या.

त्या सकाळी मी त्याला गूळ चारला. आबांनी कासरा दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही, स्वतः घेऊन गेले. दुपारी परत आले तेव्हा पाखऱ्या पाय फाकवून, हळूहळू, पाऊल जपत जपत चालत होता. पहिल्यांदाच त्याचं पाऊल पावलात पडत नव्हतं. मी रडले. आबांसमोर, त्यांना दिसेल अशी मुद्दाम रडले. सासऱ्यापुढे सुनेनं असं उभं राहण्याचे ते दिवस नव्हते. आबा एवढंच म्हणाले, "रड पोरी. तुजा हक हाय," आणि परड्यात निघून गेले.

पौषातल्या जत्रेतून गावासाठी नवा वळू आला, हरण्या. दुधासारखा पांढरा, डोळ्यांत काजळ, पाठ आरशासारखी साफ. गावानं त्याला वाजत आणला. त्याला ओढ्यात चालवला नाही. का नाही चालवला, ते मला आजवर कळलेलं नाही. बहुतेक आबांना परत त्या वाळूत उभं राहवेना. त्या एका सुगीत त्यांनी सगळ्यात आधी बघायचं ते बघितलं नाही आणि सगळ्यात शेवटी बघायचं तेच बघून आले.

हरण्याची वासरं दिसायला देखणी झाली. बाळंतिणीला बघायला यावं तशी माणसं बघायला येत. पण मोठी होऊन नांगराला लागली तेव्हा एकेकाचे खूर फाकू लागले. माळावरची आमची जमीन म्हणजे वर बोटभर माती आणि खाली दगड. दोन वर्षांत बैल लंगडायचा. गाई राहिल्या त्यांना मग लोक तालुक्याला नेऊन कृत्रिम रेतनाची सुई द्यायला लागले. जर्सीची वासरं आली, दूध आलं, डेअरीच्या किटल्या आल्या. त्या दुधाला मी नावं ठेवणार नाही. माझी मुलं त्यावर शिकली आणि हा मलकापूरचा फ्लॅट त्याच्याच सायीवर उभा आहे. पण आमच्या परड्यात मूठभर पेंड घेऊन येणारं माणूस पुढे कुणी आलं नाही, आणि वळूचं घर हे नाव नुसतंच राहिलं.

पाखऱ्या मात्र चालत राहिला. नांगर, कुळव, गाडी, मोट, काय म्हणाल ते. बरोबरीचे जोडीदार थकले, बदलले, हा तसाच. कधी लंगडला नाही, कधी कुणाला शिंग उगारलं नाही. त्या गोमेनं धन्याच्या मुळावर यायचं होतं म्हणे. पाखऱ्या जोपर्यंत दावणीला होता तोपर्यंत आमच्या घरात मुलं झाली, विहिरीला पाणी लागलं, मिस्टर पेन्शन घेऊन दोन्ही पायांवर परत आले. तात्या परड्यात येऊन बसत, त्याच्याकडे बघत तंबाखू मळत आणि उठून जात.

खूप वर्षांनी, आबा काठी टेकत चालायला लागले होते तेव्हाची गोष्ट. पुन्हा असाच पौष. मी ओढ्यावर धुणं धुवत होते, या वेळी खरोखरचं धुणं. पाखऱ्याला पाणी पाजून गडी वर घेऊन गेला होता. वाळूत ठसे उमटले होते. म्हातारा झाला तरी पाऊल पावलात. आबा त्या ठशांपाशी उभे होते.

"पोरी, इकडं ये," म्हणाले. मी हात पुसत गेले.

मग म्हणाले, "तुज्या मानंवर भोवरा हाय. उलटा."

मी चपापले. लग्नानंतर पहिल्यांदा माझी वेणी घालताना आत्याबाईंचा हात मध्येच थांबला होता, हे मला आठवत होतं. "आंबाडा जरा खाली बांदत जा," एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि जन्मभर मी तो खालीच बांधला. पण आबांना माहीत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"सोयरीक ठरली तवाच लोकांनी माज्या कानावर घातलं हुतं. पोरगी नवऱ्याला जड जाईल म्हनून. आन् पोरगा तर माजा फौजंत. म्या म्हनलं, तिची आय बगितली म्या, बाप बगितला, पोरगी चालती-बोलती कशी ती बगितली. बास झालं." आबांनी काठीनं त्या ठशाला हळूच वळसा घातला. "तुज्या टायमाला मला लोकांचं आयकू आलं न्हाई. ह्येच्या टायमाला आलं. दुष्काळानं लय भ्यालो हुतो गं पोरी."

मला त्यांना काहीतरी बरं वाटेल असं बोलायचं होतं. पण बैल गेला आणि झोपा केला, अशातली गत. मी त्यांचा हात धरून त्यांना चढावर आणलं. तेव्हा पहिल्यांदा मी सासऱ्याचा हात धरला.

आबा गेले, पाखऱ्या गेला, आत्याबाई गेल्या. पाखऱ्याला शेताच्या बांधाला पुरला, तिथं आता बाभळ आहे. पण हौशीची ती पहिली कालवड, सीमेपलीकडं गेलेली? त्या माणसाच्या विहिरीला पाणी होतं. ती जगली असेल, व्याली असेल, तिच्या लेकी व्याल्या असतील. त्या रक्तात ती रेघ कुठंतरी उतरली असेल, असं मी मनाशी धरून बसले आहे. म्हणून पौषात मी खुर्ची वळवते. मुलाला वाटतं, आई बैल बघते. मी पाठी बघते.

यंदाही एक टेम्पो थांबला. पाट्या कानडी होत्या. हौद्यात एक खोंड, पांढऱ्यावर निळसर झाक, पाय लांब. मी चष्मा घेतला, जिना उतरले, रस्ता ओलांडला. सूनबाई मागून "आई, जपून" ओरडत होती. मालक तरणा पोरगा होता, चहा पीत होता. मी म्हटलं, "बाबा, जरा झूल उचलतोस?"

"आजी, तुमाला कळतं व्हय जनावरातलं?" तो हसला, पण टेम्पोवर चढला. झूल मागं सारली. वशिंडापासून शेपटीपर्यंत त्यानं हात फिरवून दाखवला. केस सगळे एका दिशेनं, मागं, मऊ.

"बगा," तो छाती फुगवून म्हणाला. "येक बी खोड न्हाई. पाठ कशी आरशावानी साफ हाय."

"हाय खरी," मी म्हटलं. "लय झ्याक हाय." आणि झूल त्याला परत नीट घालायला सांगून मी रस्ता ओलांडला.